आनंदीबाई जोशींच्या अस्थी अमेरिकेत का आहेत?

डॉ. आनंदीबाई जोशी यांचं २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयरोगानं निधन झालं. बाविसावा वाढदिवस महिन्यावर आला होता. अमेरिकेतून डॉक्टर होऊन त्या नुकत्याच परतल्या होत्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये नेमणूकही झाली होती, पण कामाला सुरुवात झालीच नाही.

हिंदू घरांत अस्थी सहसा नदीत विसर्जित करतात. पती गोपाळरावांनी मात्र त्या न्यू जर्सीच्या थिओडोसिया कार्पेंटर यांना पाठवल्या. अमेरिकेत पोहोचल्यावर आनंदीबाई यांच्याच घरी उतरल्या होत्या, त्यांना मावशी मानत होत्या. समुद्र ओलांडला म्हणून जिच्यावर टीका झाली, तिच्या अस्थीही समुद्रापार गेल्या.

कार्पेंटरबाईंनी न्यूयॉर्क राज्यातल्या पकीप्सी इथल्या आपल्या कौटुंबिक दफनभूमीत त्या पुरल्या. शिक्षणासाठी भारताबाहेर गेलेली पहिली ब्राह्मण स्त्री, अशी तिथल्या दगडावर नोंद आहे.