एकविसावं पान

‘माझ्या मशीनवर तर चालतंय!’ सॉफ्टवेअरच्या धंद्यात हे वाक्य रोज कानावर पडतं. बनवणाऱ्याकडे सुरळीत चाललेला प्रोग्राम गिऱ्हाइकाच्या संगणकावर बसवला की कोसळतो, मग फोनाफोनी आणि शोधाशोध सुरू होते. एरवी हा घोळ एखाद्या टेबलापुरता राहतो. १९ जुलै २०२४ रोजी तो जगभरातल्या सुमारे ८५ लाख विंडोज संगणकांवर झाला. निमित्त होतं क्राउडस्ट्राइक या अमेरिकी सुरक्षा कंपनीची एक छोटीशी फाइल. त्याचा हा घटनाक्रम. सगळ्या वेळा भारतीय घड्याळाच्या.

२८ फेब्रुवारी (१४२ दिवस आधी)

कंपनीच्या ‘फाल्कन’ या सुरक्षा प्रोग्रामची ७.११ ही आवृत्ती ग्राहकांकडे जाते. विंडोजमधले प्रोग्राम एकमेकांना जे निरोप धाडतात, त्यांचा गैरवापर पकडण्याची नवी सोय तिच्यात आहे. त्यासाठीच्या नियमांना रकाने ठरलेत एकवीस. त्यांना माहिती पुरवणारा कोड मात्र वीसच रकाने भरतो. आमंत्रण एकवीस जणांना आणि पंगतीत पानं वीस. ती मोजायचं कुणाच्याच ध्यानात येत नाही.

५ मार्च (१३६ दिवस आधी)

नव्या सोयीची ताण देऊन चाचणी होते आणि ती पार पडते. त्याच दिवशी पहिला नियम ग्राहकांच्या संगणकांवर रवाना होतो, एप्रिलमध्ये आणखी तीन. काहीही बिघडत नाही. या नियमांमध्ये एकविसाव्या रकान्यासमोर ‘काहीही चालेल’ अशी खूण असते, त्यामुळे तिकडे बघायची वेळच येत नाही. एकविसावा पाहुणा अजून जेवायला बसलेला नाही.

या घटनाक्रमातला मला सर्वांत धोकादायक वाटणारा काळ हाच. चार महिने तक्रार नाही, म्हणून सगळं बरोबर आहे असा विश्वास इथे बसत गेला.

१९ जुलै, सकाळी ९:३९

शुक्रवार. मुंबई-पुण्यातली ऑफिसं नुकती उघडताहेत. सिडनीत दुपारचे दोन वाजून गेलेत, लंडनमध्ये पहाट आहे, न्यूयॉर्कमध्ये मध्यरात्र नुकतीच उलटली आहे. कंपनी दोन नवे नियम पाठवते. त्यातल्या एकात प्रथमच एकविसाव्या रकान्यातली नेमकी माहिती तपासायला सांगितलेली असते. पाठवण्यापूर्वी नियम तपासणारा प्रोग्रामही माहिती एकवीस रकान्यांची येणार असंच धरून चालतो आणि होकार देतो.

‘२९१’ क्रमांकाची ही फाइल जगभरात एकदमच सुटते. अनेक सावध ग्राहक फाल्कनची आवृत्ती मुद्दाम एक-दोन पायऱ्या मागची ठेवत. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, हाच त्यातला हिशेब. पण ती मुभा प्रोग्रामच्या आवृत्तीपुरती होती. नियमांच्या फाइलींना ती लागू नव्हती. मागे राहायची सोयच नसल्यामुळे ठेच सगळ्यांना एकाच वेळी लागली.

९:३९ नंतर

साधा प्रोग्राम कोसळला तर त्याची खिडकी बंद होते आणि बाकीचा संगणक चालू राहतो. फाल्कनचा हा भाग मात्र विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये बसतो. वाढपी एकविसाव्या पानावर वाढायला वाकला आणि तिथे पानच नव्हतं. प्रोग्रामने आपल्या हद्दीबाहेरची मेमरी वाचायला घेतली. गाभ्यात अशी गडबड झाली की पुढचं नुकसान टाळण्यासाठी विंडोज स्वतःलाच थांबवतं आणि निळा पडदा दाखवतं. संगणक पुन्हा सुरू होतो, सुरू होतानाच फाल्कन जागा होतो, तीच फाइल वाचतो, पुन्हा निळा पडदा. मॅक आणि लिनक्सवर हा परिणाम झाला नाही.

१०:५७

७८ मिनिटांत कंपनी फाइल मागे घेते. या वेळात जे संगणक बंद होते ते वाचले. पण दुरुस्ती इंटरनेटवरून येणार होती आणि कोसळलेला संगणक इंटरनेटपर्यंत पोचतच नव्हता. काही ठिकाणी वारंवार रीस्टार्ट केल्यावर निळा पडदा यायच्या आत दुरुस्त फाइल उतरून घेतली जाई. क्लाउडवरच्या संगणकांसाठी तर मायक्रोसॉफ्टने सांगितलं की, काही ग्राहकांना १५ वेळासुद्धा रीस्टार्ट करावं लागलं आहे.

दुपार

ब्रिटनमध्ये स्काय न्यूजचं थेट प्रक्षेपण सकाळी काही काळ बंद पडलेलं असतं आणि अनेक डॉक्टरांना रुग्णांच्या नोंदी उघडता येत नाहीत. अमेरिकन, डेल्टा आणि युनायटेड या विमान कंपन्या उड्डाणं थांबवतात. मुंबई आणि दिल्ली विमानतळांवर अकासा एअर हाताने चेक-इन करते. इंडिगोचे कर्मचारी पेनने बोर्डिंग पास लिहून देतात. हैदराबादहून कोलकात्याला निघालेल्या एका प्रवाशाच्या अशा पासचं छायाचित्र देशभर फिरतं. इंडिगोची जवळपास दोनशे उड्डाणं रद्द होतात. हा सायबर हल्ला नाही, असं क्राउडस्ट्राइकचे प्रमुख जॉर्ज कुर्ट्झ जाहीर करतात.

संध्याकाळ ते मध्यरात्र

आता काम येतं ऑफिसातल्या सपोर्टवाल्यांच्या हातात. एकेका संगणकापुढे बसायचं. तो सेफ मोडमध्ये सुरू करायचा. विंडोज, सिस्टम३२, ड्रायव्हर्स, क्राउडस्ट्राइक अशा फोल्डरांतून आत जायचं. ‘सी-०००००२९१’ने सुरू होणारी फाइल शोधून पुसायची. रीस्टार्ट. एरवी पाच-दहा मिनिटांचं काम.

पण डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असेल, तर आधी ४८ आकडी किल्ली हवी. सहा-सहा आकड्यांचे आठ गट, एकेक आकडा बघून टाइप करायचा. या किल्ल्या जिथे जपून ठेवलेल्या, तो सर्व्हरच काही ठिकाणी निळा पडलेला. मग आधी तो उठवायचा आणि नंतर पुढच्या टेबलाकडे वळायचं. असे शेकडो संगणक, कुणाचा लॅपटॉप घरी, कुणाचा परगावी.

२० जुलै, पहाटे ३ वाजता

भारतातल्या विमानतळांवरच्या यंत्रणा या वेळेपासून पूर्ववत होऊ लागल्या, असं नागरी विमान वाहतूक मंत्री राम मोहन नायडू यांनी नंतर सांगितलं. डेल्टाला मात्र सावरायला पाच दिवस लागले. त्यांची सुमारे सात हजार उड्डाणं रद्द झाली.

६ ऑगस्ट

कंपनी मूळ कारणाचा अहवाल प्रसिद्ध करते. वीस आणि एकवीस यांतली तफावत त्यात स्पष्ट लिहिलेली आहे. उपायही आहेत: रकान्यांची संख्या आधीच जुळवून पाहायची, मेमरी वाचण्यापूर्वी हद्द तपासायची, नव्या नियमांची फाइल टप्प्याटप्प्याने सोडायची आणि ती केव्हा घ्यायची हे ग्राहकाला ठरवू द्यायचं.

यातला टप्प्याटप्प्याने सोडण्याचा उपाय मला सर्वांत मोलाचा वाटतो. मोजदादीची चूक कोणाच्याही हातून होते, माझ्याही होईल. ती आधी शंभर संगणकांवर गेली असती तर शंभर निळे पडदे दिसताच कुणीतरी हात आखडता घेतला असता. मध्यरात्री ४८ आकडे टाइप करत बसलेल्या माणसाने ही फाइल लिहिली नव्हती, तपासली नव्हती, पाठवली नव्हती. ‘सोडा’ असं म्हणणाऱ्याने बटण दाबण्याआधी त्याच्या टेबलापर्यंतचा विचार केला पाहिजे.