रेपर्टरीची पाने
लक्षणांवरून औषध शोधण्याचा कोश म्हणजे रेपर्टरी. बोनिंगहाउसेन यांनी ती १८३२ साली छापली. केंट यांची १८९७ पासून प्रसिद्ध होऊ लागली. पाने चौदाशेच्या घरात. बेळगावातही आमच्या पिढीने रात्री जागून कागदावर औषधांचे गुण मांडले, बेरजा केल्या. १९८०च्या दशकात ही कोष्टके संगणकात शिरली आणि बेरीज क्षणात होऊ लागली. वाटले, निम्मे काम संपले. पण पाने उलटताना शेजारचे लक्षण सहज नजरेस पडे, तेही संपले. उरले रुग्णाचे ऐकणे. तो 'जीव घाबरतो' म्हणतो, ते कोणत्या रुब्रिकमध्ये बसवायचे, हे यंत्राला आपणच सांगतो. चुकीचे सांगितले, तर चुकीचे उत्तरही आता क्षणातच मिळते.