ग्राइंडरचा संसार

फॅब्रिकेशनच्या दुकानावरून जाताना ठिणग्यांचा पिसारा दिसतो आणि आपण डोळ्यांवर हात धरून पुढं होतो. त्या ठिणग्या उडवणाऱ्या यंत्राला आपल्याकडे नुसतं ‘ग्राइंडर’ म्हणतात. जर्मनीत ते ‘फ्लेक्स’. १९२२ साली आकरमान आणि श्मिट या दोघांनी श्टुटगार्टजवळ काढलेल्या कारखान्याचं हे नाव. त्यांनीच १९५४ मध्ये आजच्यासारखा वेगवान अँगल ग्राइंडर बाजारात आणला. रशियात याला ‘बोल्गार्का’ म्हणतात, म्हणजे बल्गेरियाची बाई! सोव्हिएत काळात ही यंत्रं तिकडे बल्गेरियातून येत.

यंत्र कारखान्यातून येतं. त्याचा संसार मात्र वापरणाऱ्यालाच थाटावा लागतो. त्या संसाराबद्दल मला बोलायचं आहे.

धार लावणाऱ्यांची ही सवय फार जुनी. आमच्यात शिकलगार आडनावाची माणसं आहेत. अरबीत ‘सैकल’ म्हणजे घासून आणलेली झळाळी. त्यावरून सैकलगर, आणि मराठीत शिकलगार. हत्यारांना धार आणि चकाकी देणं हा त्यांचा पिढीजात धंदा. उर्दू-फारसी शायरीत आरशाला सैकल करण्याचा उल्लेख वारंवार येतो. ते आरसे धातूचे असत, काचेचे नव्हेत, हे विसरलं तर त्या ओळींतली निम्मी गंमत जाते. तलवारी गेल्या, विळे-कात्र्या राहिल्या. मग धारवाल्यानं सायकल स्टँडवर चढवली, पेडलला पट्टा जोडला आणि सहाण फिरवली. तीच सायकल त्याला पुढच्या गल्लीतही नेते. अशी जोडणी कुठल्या कंपनीच्या यादीत सापडायची नाही.

पण या धंद्याची दुसरी बाजू इंग्लंडातल्या शेफिल्ड गावानं दाखवली. तिथले कारागीर फिरत्या दगडावर वाकून काटे-सुऱ्या घासत. दगड फुटून माणसं मरत, आणि उरलेल्यांना धूळ खाई. एंगल्सनं १८४५ च्या आपल्या पुस्तकात डॉ. नाइट यांचा हवाला देऊन लिहिलंय, की कोरडी घासणी करणारे पस्तिशीही जेमतेम गाठत आणि ओली घासणी करणारे पंचेचाळिशीपलीकडे क्वचितच जात. पोलादाची धूळ ओढून घेणारं लोहचुंबकाचं साधन अब्राहम नावाच्या गृहस्थानं १८२०च्या दशकातच तयार केलं होतं. कारागिरांनी ते फारसं वापरलं नाही. धोका कमी झाला की धंद्यात गर्दी होईल आणि मजुरी उतरेल, अशी भीती त्यांच्यात होती. मला तर शेफिल्डच्या इतिहासातलं हे सगळ्यात कडू पान वाटतं.

आता आपल्या दुकानात या. भिंतीवर लोखंडी पट्टी वाकवून ठोकलेली, तिच्यात ग्राइंडरची मान अडकवलेली. नट सोडायचा दोन टोकांचा पाना वायरीलाच सुतळीनं बांधलेला, म्हणजे शोधाशोध नको. अँगलचे तुकडे, एक बिजागरी आणि एक स्प्रिंग जोडून केलेला स्टँड. त्यावर ग्राइंडर बसवला की पाइप सरळ कापता येतो. व्हील ठेवायला सपाट तळाचा झाकणाचा डबा. हा डबा मला सर्वांत शहाणा वाटतो. कापायचं पातळ व्हील राळेनं बांधलेलं असतं. ओल लागली की ते कमजोर होतं, वाकडं ठेवलं की वाकतं. म्हणून कोरडं आणि आडवं ठेवायचं. मधल्या धातूच्या कड्यावर मुदतीचा महिना-वर्ष छापलेलं असतं. तेही कुणी वाचत नाही.

त्याच दुकानात उलटं शहाणपणही चालतं. मोठं व्हील बसावं म्हणून गार्ड काढायचा, बटण सतत दाबावं लागू नये म्हणून त्यावर चिकटपट्टी गुंडाळायची. जरा हिशेब करू. नेहमीच्या व्हीलच्या कडेला सेकंदाला ८० मीटर वेगाची मर्यादा असते. चार इंची व्हीलला ती मिनिटाला सुमारे १५,३०० फेऱ्यांवर गाठली जाते, सात इंचीला ८,५००च्या आसपासच. चार इंची ग्राइंडर मिनिटाला अकरा हजारांच्या घरात फिरतो. त्यावर सात इंची व्हील चढवलं की कडेचा वेग सेकंदाला शंभर मीटरच्या वर जातो. व्हील फुटलं तर तुकडा अडवायला गार्डही नसतो, आणि यंत्र हातातून सुटलं तर चिकटपट्टीमुळं ते बंदही होत नाही. स्टँड घरी केलेला असो की विकतचा, गार्ड जागच्या जागी हवा, आणि डोळ्यांवर चष्मा.

पाना हरवण्याचं दुखणं कंपन्यांनाही ठाऊक होतं. २०१९ मध्ये बॉशनं ‘एक्स-लॉक’ आणलं: व्हील नुसतं दाबून बसवायचं, खटका ओढला की निघतं, पान्याचं कामच नाही. पण त्याला व्हीलही त्याच घडणीचं लागतं. आमच्या गल्लीतल्या दुकानात अजून साधंच व्हील येतं, आणि पाना सुतळीला लटकतो.