बुडणारी वाटी आणि फिरणारा तास

आजचा भाग घड्याळांवर आहे, पण नेहमीच्या दोन काट्यांच्या नाही. सुरुवात आपल्या घणसोली गावातूनच करू या.

सेक्टर आणि टॉवर खूप नंतर आले. त्याआधी ही ठाणे खाडीकाठची आगरी-कोळी वस्ती. खाडीत उतरणाऱ्याला नऊ वाजले की दहा, याच्याशी काय घेणं? पाणी कुठवर आलंय ते महत्त्वाचं. त्यासाठी आपल्या किनाऱ्यावर एक सोपा हिशोब आहे: तिथीची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहाच्या. मुंबईच्या किनाऱ्याला हे ढोबळमानाने जुळतं, खाडीत आत जाल तसं थोडं उशिरा. आता सांगा, या घड्याळाची तबकडी कुठली? वर चंद्र आणि खाली पाणी.

याहून बारीक वेळ मोजायची तर घटिकापात्र. तांब्याची वाटी, तळाला बारीक भोक. पाण्यावर तरंगत ठेवायची. पाणी हळूहळू आत चढतं आणि डुबुक! एक घटका झाली, म्हणजे 24 मिनिटं. दिवसरात्रीत 60 वेळा बुडावी, हे माप सूर्यसिद्धांतात दिलंय. लग्नाचा मुहूर्त या वाटीवर साधायचे. 'घटकाभर बस', 'त्याची घटका भरली' हे आपण बोलतो ते इथलंच. घटका संपली की धातूच्या थाळीवर टोले पडायचे. ती थाळी म्हणजे घडियाळ, आणि आपलं 'घड्याळ' त्याच कुळातलं.

बाबरने हे टोले ऐकले होते. त्याची तक्रार मजेशीर आहे: रात्री मध्येच जाग आली तर किती घटका झाल्या ते कळतं, पण कुठल्या प्रहराच्या ते कळत नाही! मग त्याने हुकूम काढला, की घटकांचे टोले झाले की जरा थांबून प्रहराचेही द्या.

झोप न येणारा दुसरा बडा माणूस रोममधला. पोप सातवा अलेक्झांडर. त्याला अंधारात दिसणारं आणि टिकटिक न करणारं घड्याळ हवं होतं. 1650च्या दशकात कम्पानी बंधूंनी ते बनवलं. आकडे कोरून आरपार केलेले, मागे तेलाचा दिवा. तासकाटा नाहीच. तासाचा आकडा स्वतःच एका कमानीवरून सरकतो. कमानीवर तो जिथे पोचला तितकी मिनिटं झाली. टोकाला पोचला की मावळतो आणि पुढचा आकडा उगवतो.

हीच कल्पना 1997 मध्ये फेलिक्स बाउमगार्टनर आणि मार्टिन फ्राय यांनी मनगटावर आणली. कंपनी 'उर्वेर्क', स्वित्झर्लंडची, अगदी छोटी. त्यांच्या यूआर-103 मध्ये चार फिरते तुकडे आहेत, प्रत्येकावर तीन आकडे. अशा घड्याळांच्या किमती सहज पन्नास लाखांपुढे जातात. तरी संग्राहक रांग लावतात. का?

थोडी मिरवायची हौस, हे कबूल करू या. पण खरं कारण 25 डिसेंबर 1969 ला घडलं. सेइकोने क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विकायला आणलं आणि अचूक वेळ स्वस्त व्हायला लागली. आता तर ती तुमच्या खिशातल्या फोनवर फुकट आहे. म्हणजे चावीच्या घड्याळावर वेळ 'सांगायची' सक्तीच उरली नाही. मग ते वेळ कशी दिसते याच्याशी खेळायला मोकळं झालं. फोनवर 8:59 चे 9:00 होतात, बस. इथे आठ हा आकडा कमान चढतो, उतरतो आणि तुमच्या डोळ्यांदेखत संपतो. वाटी हेच करायची, फक्त तांब्याच्या भावात.

आज मुहूर्तही बहुतेक मोबाईलवर बघतात. म्हणून एक काम सांगतो. घरातल्या जुन्या भांड्यांत तळाला एकच बारीक भोक असलेली तांब्याची वाटी सापडली, तर ती गळकी म्हणून मोडीत घालू नका. आधी पाण्यावर सोडा आणि स्टॉपवॉच लावा. 24 मिनिटांच्या आसपास बुडाली, तर आम्हाला फोटो पाठवा.