खटके आणि तुटी : घरगुती संगणकीय ध्वनिमुद्रणातील

घरच्या संगणकावर ध्वनिमुद्रण करताना मूळ गायन-वादनात नसलेले टक्, फट्, चर्र असे क्षणिक आवाज मुद्रणात उमटतात, किंवा लांबलेल्या सुरात मध्येच बारीक फट पडते. या दोषांना खटके व तुटी म्हणता येईल. मुद्रण करणारी मंडळी त्यांना क्लिक, पॉप, ग्लिच, ड्रॉपआउट अशी नावे देतात, पण नावांची वाटणी काटेकोर नसते. दोष ऐकायला सारखे वाटले तरी त्यांचे उगम फार वेगवेगळे असतात. काही श्वासाचे, काही विजेचे, काही संगणकाच्या आतले. उगम न ओळखता उपाय केल्यास नवे यंत्र विकत घेऊनही खटका तसाच राहतो.

माइकमधून आलेला विद्युत्-संकेत इंटरफेस, म्हणजे माइक आणि संगणक यांना जोडणारे यंत्र, सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० वेळा मोजतो आणि हे नमुने, म्हणजे सॅम्पल, आकड्यांच्या रूपात संगणकाकडे पाठवतो. ४८,०००च्या दराने दोन नमुन्यांत सुमारे २१ मायक्रोसेकंदांचे अंतर असते. त्यांतले थोडे जरी गळले तरी तरंगरेषा एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर उडी मारते. अशा उडीत खालपासून वरपर्यंत सर्वच कंप्रता एकदम येतात, म्हणून कानाला ती ‘टक्’ अशी ऐकू येते. तबल्याच्या बोलांत असा खटका सहज लपतो. पेटीच्या धरून ठेवलेल्या सुरात मात्र तो लगेच कळतो. त्यामुळे यंत्रणेची परीक्षा गाण्यावर न करता काही मिनिटे पेटीचा एकच सूर धरून करावी. तीच सर्वांत प्रामाणिक चाचणी आहे.

निदान : पहिला प्रश्न असा की खटका फाइलमध्ये आहे की फक्त ऐकवताना होतो? तोच तुकडा पुन्हा लावावा. खटका दर वेळी त्याच जागी आला तर तो मुद्रित झाला आहे. जागा बदलत असेल तर फाइल निर्दोष असून दोष वाजवण्यात आहे, आणि अनेकांची निम्मी काळजी इथेच मिटते. खटका फाइलमध्येच असेल तर ती जागा पडद्यावर मोठी करून पाहावी, कारण आकारच कारण सांगतो. रेषा उभी तुटलेली किंवा मध्ये सपाट शून्य असेल तर नमुने गळले आहेत. माथे कापल्यासारखे सपाट असतील तर पातळी मर्यादेबाहेर गेली आहे. मंद, मोठी, जणू साऱ्या आवाजाला वर उचलणारी लाट असेल तर तो श्वासाचा झोत आहे. खटके ठरावीक अंतराने येत असतील, तर दोन यंत्रांच्या घड्याळांचा मेळ बसलेला नाही असा संशय सर्वांत आधी घ्यावा. या पाहणीला वेळ लागत नाही. तरीही ती सोडून थेट सेटिंग बदलण्याची घाई केली जाते.

बफर व वेळेचे बंधन : संगणक नमुने एकेक करून न घेता गठ्ठ्याने घेतो. ६४, १२८, २५६, ५१२, १०२४ असा हा गठ्ठा, म्हणजे बफर, असतो. इमारतीच्या गच्चीवरील पाण्याच्या टाकीसारखे त्याचे काम आहे : पुरवठा क्षणभर थांबला तरी टाकीत साठा असेपर्यंत नळ चालू राहतो. ४८,०००च्या दराने २५६ नमुन्यांचा बफर सुमारे ५.३ मिलिसेकंद पुरतो. तेवढ्या वेळात सर्व ट्रॅक, सर्व प्लगिन यांचे गणित उरकून पुढचा गठ्ठा तयार झाला पाहिजे. तो एकदा जरी उशिरा आला तरी तूट पडते. लिनक्सवर काम करणारे या घटनेला ‘एक्सरन’ म्हणतात, आणि तिथली जॅकसारखी प्रणाली असे किती प्रसंग घडले याची मोजदादही दाखवते.

म्हणजे प्रश्न वेगापेक्षा वेळेवर पोहोचण्याचा आहे. संगणकाचा भार दाखवणारा आकडा पंधरा-वीस टक्क्यांवर असूनही खटके येतात, याचे आश्चर्य वाटायला नको. तो आकडा सरासरीचा असतो आणि खटका एका चुकलेल्या क्षणाचा. विंडोजमध्ये उपकरणांचे ड्रायव्हर काही कामे अशा अग्रक्रमाने करतात की ती चालू असताना त्या प्रोसेसरवर ध्वनीच्या कामाला थांबावेच लागते. वाय-फाय, ग्राफिक्स कार्ड आणि लॅपटॉपच्या बॅटरीचे व्यवस्थापन हे नेहमीचे संशयित. लेटन्सीमॉन हे साधन कोणता ड्रायव्हर किती वेळ अडवून बसतो ते नावानिशी दाखवते. अंदाजाने वीस गोष्टी बंद करण्यापेक्षा ते एकदा चालवून पाहणे केव्हाही श्रेयस्कर. मुद्रणापुरते वाय-फाय व ब्लूटूथ बंद ठेवणे, वीज वाचवणारी योजना बदलून पूर्ण कार्यक्षमतेची निवडणे, यूएसबी उपकरणांना झोपवणारी सोय बंद करणे आणि क्लाउडशी फाइल जुळवणारे प्रोग्राम थांबवणे, एवढ्याने पुष्कळदा काम भागते.

आपल्याकडे यात हवामानाचीही भर पडते. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून खिडक्या लावून पंखा बंद केला की मे महिन्यात खोली तापते आणि तिच्याबरोबर लॅपटॉपही. ठरावीक तापमानापलीकडे प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो. पहिला टेक स्वच्छ आणि अर्ध्या तासाने खटके, असा क्रम दिसला तर कारण बहुधा हेच असते. लॅपटॉप गादीवर वा उशीवर ठेवू नये, आणि दोन टेकच्या मध्ये पंखा लावावा.

बफर वाढवला की खटके कमी होतात, पण गायकाला स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये उशिरा ऐकू येतो. या उशिराला लेटन्सी म्हणतात. हवेत आवाजाला एक मीटर जायला सुमारे तीन मिलिसेकंद लागतात. त्या हिशेबाने दहा मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे साडेतीन मीटरवर बसलेला साथीदार. पंचवीस-तीस मिलिसेकंद झाले की लयीत गाणे अवघड होते. म्हणून बफर ६४पर्यंत खाली आणण्याचा मोह होतो आणि खटके सुरू होतात. या कोंडीवरचा उत्तम उपाय बहुतेक इंटरफेसवरच असतो : डायरेक्ट मॉनिटरिंगचे बटण. ते दाबल्यावर माइकचा आवाज संगणकात न जाता इंटरफेसमधूनच हेडफोनला मिळतो, आणि मग बफर ५१२ वा १०२४ ठेवला तरी चालतो. हेडफोनमध्ये रिव्हर्ब ऐकत गाण्याची सवय असलेल्यांना तो आवाज कोरडा वाटतो, पण घरगुती मुद्रणात निर्दोष टेकसाठी एवढी तडजोड नक्कीच करावी. ब्लूटूथ हेडफोन मात्र या कामाला निरुपयोगी. त्यांचा उशीर शंभर मिलिसेकंदांच्याही पुढे जाऊ शकतो.

ड्रायव्हर : विंडोजच्या सर्वसाधारण ध्वनिमार्गात सर्व प्रोग्रामांचे आवाज एकत्र मिसळले जातात, आणि त्यात वेळ जातो. हा वळसा टाळण्यासाठी जर्मनीतील स्टाइनबर्ग कंपनीने १९९७ मध्ये ॲसिओ ही पद्धत आणली. तीत मुद्रणाचा प्रोग्राम थेट यंत्राच्या ड्रायव्हरशी बोलतो. इंटरफेसच्या उत्पादकाचा स्वतःचा ॲसिओ ड्रायव्हर असेल तर तोच बसवावा. ॲसिओ४ऑल हे कोणत्याही साउंड कार्डावर चालणारे पर्यायी साधन लॅपटॉपच्या अंगच्या साउंड कार्डासाठी उपयोगी आहे. चांगला इंटरफेस असताना ते वापरणे हा उलटा कारभार होय. मॅकवर कोअर ऑडिओ मुळातच असल्याने हा प्रश्न सौम्य असतो, पण तिथेही सारे आलबेल नव्हते. २०१८ च्या मॅकबुक एअर, मॅकबुक प्रो व मॅक मिनी यांवर यूएसबी इंटरफेस खटके देत, आणि मार्च २०१९ च्या मॅकओएस १०.१४.४ या आवृत्तीत ॲपलने त्यासाठी सुधारणा केली. नवी आवृत्ती खटके घालवते तशी आणतेही. म्हणून महत्त्वाच्या मुद्रणाच्या आदल्या दिवशी कोणतेही अपडेट करू नये.

यूएसबीची केबलही तपासावी. यूएसबीवरून ध्वनी ज्या प्रकारे जातो, त्यात बिघडलेला डेटा पुन्हा पाठवण्याची तरतूद नसते. पेन ड्राइव्हवर फाइल उतरवताना चूक झाली तर ती पुन्हा पाठवली जाते. इथे गेले ते गेले. शिवाय यूएसबी २.० चा पोर्ट उपकरणाला ५०० मिलिॲम्पिअरपर्यंतच वीज देण्यास बांधील असतो. बाहेरून वीज न घेणाऱ्या हबवर इंटरफेस, हार्ड डिस्क आणि कीबोर्ड एकत्र लावले तर कोणाचे तरी भागत नाही. इंटरफेस थेट संगणकाच्या पोर्टात, आखूड केबलने लावावा.

घड्याळांचा बेबनाव : प्रत्येक डिजिटल यंत्रात नमुने मोजणारे स्वतःचे घड्याळ असते. इंटरफेसला दुसरा प्रीॲम्प ऑप्टिकल किंवा कोॲक्शियल डिजिटल केबलने जोडला तर दोघांपैकी एकानेच ताल धरायचा असतो. दोन्ही ४८,०००वर लावले म्हणून ते सारखे चालतात असे नाही. दहा लाखांत वीस एवढाच फरक असला तरी सेकंदाला जवळजवळ एक नमुना कमी किंवा जास्त होतो, आणि घड्याळासारखी नियमित टकटक ऐकू येते. एक यंत्र अंतर्गत घड्याळावर व दुसरे बाह्य घड्याळावर ठेवले की ती थांबते. यूएसबी माइकवर मुद्रण आणि लॅपटॉपच्या हेडफोन-छिद्रातून श्रवण, या फार प्रचलित मांडणीतही दोन घड्याळेच असतात. हेडफोन माइकवरच्या छिद्रात लावावा.

सॅम्पल रेटची गफलत वेगळी. ४४,१०० ने मुद्रित केलेली फाइल ४८,००० समजून वाजवली तर सूर सुमारे दीड अर्धस्वर वर जातो. पांढरी एकचा षड्ज काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मध्ये कुठेतरी ऐकू येतो. गाणाऱ्याला हे तत्काळ समजते. नुसते निवेदन मुद्रित करणाऱ्याला अनेकदा समजत नाही.

संगणकाबाहेरचे खटके : प, फ, ब, भ उच्चारताना मिटलेले ओठ उघडून हवेचा झोत सुटतो आणि तो माइकच्या पडद्यावर आदळतो. फ आणि भ महाप्राण असल्याने त्यांचा फटका अधिक. पॉप फिल्टर लावणे, माइक पंधरा-वीस सेंटिमीटरवर आणि तोंडासमोर अगदी सरळ न ठेवता किंचित बाजूला ठेवणे, हा उपाय नंतरच्या कोणत्याही दुरुस्तीपेक्षा सरस ठरतो. पातळीच्या बाबतीत जुना सल्ला अजून चालत आलेला दिसतो : आवाज शक्य तितका वर घ्या. टेपच्या आणि १६ बिटच्या काळात तो योग्य होता. १६ बिटमध्ये सुमारे ९६ डेसिबलचा आवाका मिळतो, २४ बिटमध्ये तत्त्वतः १४४. आता सर्वोच्च शिखर उणे बारा ते उणे सहा डेसिबलच्या दरम्यान ठेवले तरी काहीही गमावत नाही, आणि तबल्याची अनपेक्षित जोरदार थाप फाटत नाही.

घरातल्या विजेचेही खटके असतात. फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू-बंद होताना, गीझरचा थर्मोस्टॅट सुटताना किंवा ट्यूबलाइटचा स्टार्टर पेटताना एकच ‘टक्’ येते. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि साधा इन्व्हर्टर सतत गुणगुण देतात. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवल्यास गुणगुण थांबत असेल तर बहुधा अर्थिंगचा दोष असतो. अशा वेळी प्लगची अर्थिंगची पिन तोडण्याचा सल्ला दिला जातो. तो धोकादायक आहे. वायरमनकडून अर्थिंगच नीट करून घ्यावे.

संपादनात दोन तुकडे जोडताना पडणारा खटका सर्वांत निरुपद्रवी. तरंगरेषा शून्याला छेदते तिथे कापावे, किंवा जोडावर पाच-दहा मिलिसेकंदांचा क्रॉसफेड द्यावा.

दुरुस्ती : शोध घेताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी, पेटीचा सूर पुन्हा मुद्रित करावा आणि काय बदलले ते वहीत लिहावे. मुद्रित झालेला खटका काढण्यासाठी ऑडॅसिटीमध्ये ‘रिपेअर’ ही सोय आहे. ती एका वेळी १२८ नमुन्यांपर्यंतचा तुकडा शेजारच्या रेषेवरून पुन्हा रचते. ४४,१०० च्या दराने हे सुमारे तीन मिलिसेकंद होतात. त्याहून मोठी तूट पडली असेल तर गेलेला सूर परत येत नाही, शेजारच्या आवाजाची ठिगळे लावता येतात एवढेच. संपूर्ण फाइलवर खटके काढणारे स्वयंचलित साधन फिरवणे टाळावे. ते तबल्याची चाट आणि क, ट यांसारख्या व्यंजनांची धार बोथट करते. गायक समोर असेल तर दुरुस्तीत तासभर घालवण्याऐवजी ती ओळ पुन्हा गाऊन घ्यावी. ते शक्य नसेल, तर दुरुस्ती फाइलच्या प्रतीवरच करावी आणि मूळ मुद्रण खटक्यांसकट जपून ठेवावे.