पाच व्होल्टपासून सव्वा व्होल्टपर्यंत

संगणकाच्या प्रोसेसरचा इतिहास बहुधा मेगाहर्ट्‌झमध्ये सांगितला जातो. आज तो मी व्होल्टेजच्या बाजूने सांगणार आहे. कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा प्रोसेसर जास्त वेगाने पळवण्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. त्यात वेग झेपला नाही तर संगणक अडकतो, आपण तो बंद करून पुन्हा सुरू करतो आणि बहुतेक वेळा काही बिघडलेले नसते. व्होल्टेजचे तसे नाही.

हे व्होल्टेज म्हणजे भिंतीतल्या सॉकेटमधले २३० व्होल्ट नव्हेत, हे आधी सांगितलेले बरे; फ्रिजशेजारच्या स्टॅबिलायझरशी त्याचा काही संबंध नाही. पॉवर सप्लाय आणि नंतर मदरबोर्ड ती वीज टप्प्याटप्प्याने उतरवत आणतात आणि शेवटी प्रोसेसरच्या गाभ्याला जे मिळते, त्याबद्दल मी बोलतो आहे.

१९८१ च्या आयबीएम पीसीमधला ८०८८ हा प्रोसेसर ५ व्होल्टवर चालत असे. १९९३ मध्ये आलेले पहिले ६० आणि ६६ मेगाहर्ट्‌झचे पेन्टियमही ५ व्होल्टचेच होते आणि तापण्याबद्दल त्यांचे नाव झाले होते. पुढच्याच वर्षी पेन्टियम ३.३ व्होल्टच्या आसपास उतरला. १९९७ मध्ये पेन्टियम एमएमएक्सचा गाभा २.८ व्होल्टवर आला. या उतरंडीमागचे गणित आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्येच मांडले होते. ट्रान्झिस्टर जितका लहान कराल, तितके व्होल्टेजही कमी करा. म्हणजे तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर बसवूनही उष्णता हाताबाहेर जाणार नाही.

ओव्हरक्लॉकिंग करणारा नेमका याच्या उलट्या दिशेने जातो. प्रोसेसर खात असलेली वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. व्होल्टेज दहा टक्के वाढवले की त्याच वेगाला वीज एकवीस टक्के जास्त लागते, आणि त्या सगळ्या विजेची अखेर उष्णताच होते.

या छंदाचा सुवर्णकाळ १९९८ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाला, असे मी म्हणेन. इंटेलने सेलेरॉन ३००ए हा स्वस्तातला प्रोसेसर आणला. त्याचा गुणक साडेचारवर कायम केलेला होता. ६६ मेगाहर्ट्‌झच्या बसवर तो ३०० मेगाहर्ट्‌झने चाले. तीच बस १०० वर नेली की ४५० मेगाहर्ट्‌झ! कित्येक पटींनी महाग असलेल्या पेन्टियम-२ च्या तोडीचा वेग त्यातून मिळत असे. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून घरी संगणक जोडणाऱ्यांत त्या काळी मीही होतो, त्यामुळे या सेलेरॉनचे अप्रूप मला ठाऊक आहे. त्याचे ठरलेले व्होल्टेज २.० होते. काही नग तेवढ्यावरच ४५० ला पोहोचत. काहींना थोडे जास्त द्यावे लागे. ज्यांच्या मदरबोर्डवर ती सोय नव्हती, ते कार्डाच्या कडेवरील ठरावीक सोनेरी पट्ट्या चिकटपट्टीने किंवा चक्क नेलपॉलिशने झाकून मदरबोर्डला चकवत. आबिट या तैवानच्या कंपनीने बीएच-६ बोर्डवर हे काम बायोसच्या मेनूतच आणून ठेवले. सोय झाली, पण हात आवरण्याची जबाबदारीही वापरणाऱ्यावरच आली.

कारखान्यालाही हा मोह आवरला नाही. ३१ जुलै २००० रोजी इंटेलने १.१३ गिगाहर्ट्‌झचा पेन्टियम-३ जाहीर केला. टॉम पाब्स्ट, काइल बेनेट अशा परीक्षकांच्या हाती तो नीट चालेना. लिनक्सचा गाभा संकलित करतानाच कोसळू लागला. महिन्याभरात इंटेलने तो परत मागवला.

मात्र खरा धडा २००२ च्या नॉर्थवुड पेन्टियम-४ ने दिला. त्याचे व्होल्टेज दीडच्या आसपास. हौशी लोकांनी जुन्या सवयीने ते १.७ च्या पुढे नेले. संगणक उत्तम चालले, तापमानही आटोक्यात होते, आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी प्रोसेसर एकाएकी मेले. चिपमधल्या तारा इतक्या बारीक झाल्या होत्या, की जास्त प्रवाहाने त्यांतले धातूचे अणूच हळूहळू वाहून जात. याला इलेक्ट्रोमायग्रेशन म्हणतात. चांगला पंखा उष्णता नेतो, ही झीज पूर्णपणे थांबवत नाही. मागच्या पिढीला सोसलेला आकडा पुढच्या पिढीला सोसेलच असे नाही, हे तेव्हा कळले.

म्हणून जाणकारांची पद्धत अशी बनली. आधी व्होल्टेजला हात न लावता वेग थोडा वाढवून पाहायचा. संगणक अडखळला तरच व्होल्टेज सर्वांत लहान पायरीने वर न्यायचे, काही तास पूर्ण ताणाखाली चालवून पाहायचे, तापमान बघायचे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि त्या चिपच्या कंपनीने दिलेल्या कमाल आकड्यापाशी थांबायचे. मदरबोर्डच्या ‘ऑटो’वर तर मुळीच विसंबायचे नाही, वेग वाढवला की तो गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज देऊन मोकळा होऊ शकतो.

ही भीती जुनी झाली असे कुणी समजू नये. २०२३ मध्ये एएमडीच्या काही रायझन ७००० एक्सथ्रीडी चिपा जळाल्या, तेव्हा त्यांच्या एसओसी या भागाचे व्होल्टेज १.३ वर रोखावे लागले. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे प्रोसेसर ओव्हरक्लॉकिंग न करताही डळमळू लागले. प्रोसेसर स्वतःच जादा व्होल्टेज मागत होता. ऑगस्टमध्ये आलेल्या मायक्रोकोडने ती मागणी १.५५ व्होल्टवर रोखली आणि कंपनीने हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवली. जे आधीच झिजले होते, ते मायक्रोकोडने दुरुस्त होण्यासारखे नव्हते. ते बदलूनच घ्यावे लागले.