प्रवेशानंतरची इंग्रजी परीक्षा

परदेशी विद्यापीठात शिकायला जाणाऱ्याची इंग्रजी बहुधा दोनदा तपासली जाते. पहिली परीक्षा प्रवेशाआधीची. टोफेल किंवा आयईएलटीएसमध्ये ठरलेले गुण पडले नाहीत तर पुढचे काही घडतच नाही. दुसरी परीक्षा प्रवेश मिळाल्यानंतर, पहिले सत्र सुरू होण्याच्या सुमारास विद्यापीठ स्वतः घेते. हिला प्लेसमेंट टेस्ट म्हणतात. तिच्यात कोणी नापास होत नाही, कोणाला इंग्रजीचा जादा वर्ग लावायचा आणि कोणाला त्यातून सूट द्यायची एवढेच ठरते. दक्षिण बंगळुरूच्या जे. पी. नगरासारख्या वस्तीत पहिल्या परीक्षेची माहिती सगळ्यांना असते. दुसरीचा पत्ता अनेकांना तिकडे पोचल्यावर लागतो.

आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला गेल्या तेव्हा यांतली एकही परीक्षा नव्हती. फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला त्यांनी इंग्रजीत पत्र लिहिले. प्रवेशाच्या अटींत आपण कदाचित बसणार नाही हे त्यात स्वतःच मान्य केले आणि तरीही संधी मागितली. त्या पत्रातच त्यांची इंग्रजी कॉलेजला दिसली. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. १९१३ मध्ये बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा त्यांच्याकडे मुंबई विद्यापीठाची बी. ए.ची पदवी होती. ज्या पदवीचा अभ्यास, व्याख्याने आणि उत्तरपत्रिका सगळे इंग्रजीत, तिच्यावर आणखी भाषेचा दाखला कोण मागणार?

त्याच १९१३ मध्ये केंब्रिजने परदेशी लोकांसाठी इंग्रजीची स्वतंत्र परीक्षा सुरू केली. ती जवळजवळ बारा तास चाले. भाषांतर, निबंध, व्याकरण, साहित्य, उच्चारशास्त्र, तोंडी असे सगळे तिच्यात कोंबलेले होते. पहिल्या वर्षी तीन उमेदवार बसले आणि तिघेही नापास झाले. परीक्षा मात्र टिकली. अमेरिकेत या प्रश्नाला हात घातला गेला तो इमिग्रेशन खात्यामुळे. १९२४ च्या कायद्याने देशवार कोटे ठरवले, पण विद्यार्थ्यांना त्यातून वगळले होते. त्यामुळे विद्यार्थी म्हणून येणाऱ्याला शिकण्यापुरती इंग्रजी येते की नाही, हे बघणे सरकारला गरजेचे वाटू लागले. कॉलेज बोर्डाने १९३० मध्ये तशी परीक्षा काढली. महामंदीत ती चालवणे परवडेना, आणि पाच वर्षांत ती बंद पडली.

विद्यार्थी येऊन पोचल्यावर त्याची पातळी पाहून त्याला शिकवायचे, या कामाला शिस्त आली ती मिशिगन विद्यापीठात. चार्ल्स फ्रीझ यांनी १९४१ मध्ये तिथे इंग्लिश लँग्वेज इन्स्टिट्यूट काढली. त्यांचे सहकारी रॉबर्ट लाडो यांनी भाषेचे तुकडे पाडून, म्हणजे ध्वनी, व्याकरण, शब्दसंग्रह असे वेगवेगळे मोजून, परदेशी विद्यार्थ्यांसाठी चाचण्या तयार केल्या. प्रत्येक प्रश्नाला ठरलेले पर्याय, बरोबर उत्तर एकच, तपासणाऱ्याच्या मर्जीला वाव नाही. १९६४ मध्ये पहिल्यांदा घेतलेली टोफेल याच वळणावर गेली. एका परीक्षेवर अनेक विद्यापीठांचे भागू लागले, त्यामुळे प्रत्येकाने आपापली प्रवेशपरीक्षा घेण्याचे कारण उरले नाही. उरली ती प्लेसमेंट. ब्रिटनमध्ये अ‍ॅलन डेव्हिस यांची चाचणी १९६५ मध्ये ब्रिटिश कौन्सिलने वापरात आणली. तिची जागा १९८० मध्ये ईएलटीएसने आणि १९८९ मध्ये आयईएलटीएसने घेतली.

हे डेव्हिस पुढे बंगळुरूच्या गोष्टीत येतात. शहराच्या पश्चिमेला ज्ञानभारतीत असलेली रीजनल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश ही दक्षिणेतल्या राज्यांच्या इंग्रजी शिक्षकांसाठी १९६३ मध्ये उभी राहिली. हैदराबादची केंद्रीय इंग्रजी संस्था तिच्याआधी, १९५८ मधली. या बंगळुरूच्या संस्थेच्या आणि मद्रासच्या ब्रिटिश कौन्सिलच्या आधाराने एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात काही शाळांत एक प्रयोग केला. व्याकरणाचे धडे बाजूला ठेवले. मुलांना रेल्वेचे वेळापत्रक, नकाशे, तक्ते असे काही द्यायचे, इंग्रजीत प्रश्न सोडवायला लावायचे आणि भाषा त्या खटपटीत रुजू द्यायची. जगभरच्या इंग्रजी अध्यापनाच्या पुस्तकांत हा ‘बंगलोर प्रोजेक्ट’ म्हणून ओळखला जातो. त्याचे मूल्यमापन करणाऱ्या दोघांपैकी एक डेव्हिस, दुसरे अ‍ॅलन बेरेटा. त्यांचा निष्कर्ष १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. सुट्या वाक्यरचनेच्या चाचणीत नेहमीच्या पद्धतीने शिकलेली मुले पुढे होती. श्रुतलेखन, आकलन आणि प्रत्यक्ष काम करून दाखवण्याच्या चाचण्यांत प्रभूंचे विद्यार्थी सरस ठरले. म्हणजे पहिला नंबर कोणाचा हे बरेचसे प्रश्नपत्रिका काढणाऱ्याच्या हातात होते. पर्यायांच्या परीक्षेतले गुण पाहून विद्यार्थ्याला वर्गात बसवणाऱ्यांसाठी ही गोष्ट अडचणीची होती. प्लेसमेंट टेस्टमध्ये निबंधाला आणि मुलाखतीला इतके वजन का असते, याचे उत्तरही बऱ्याच अंशी इथेच आहे.

अमेरिकन विद्यापीठांतल्या अशा चाचणीचा एक प्रचलित नमुना असा: एक उतारा वाचायला देतात, त्याच विषयावरचे छोटे व्याख्यान ऐकवतात आणि दोन्हींचा आधार घेऊन निबंध लिहायला सांगतात. निबंध दोन परीक्षक एकमेकांना न विचारता तपासतात. त्यांचे जमले नाही तर तिसरा बघतो. भारतीय विद्यार्थी इथे अडकतो तो व्याकरणात क्वचितच. पहिलीपासून इंग्रजी माध्यमात शिकलेल्यालाही उताऱ्यातली वाक्ये जशीच्या तशी उचलायची सवय असते. दुसऱ्याचे म्हणणे स्वतःच्या शब्दांत मांडून त्याचे नाव द्यायचे, हे आपल्याकडे फारसे कोणी शिकवलेले नसते. मग जादा वर्ग लागतो, राग येतो, आणि अनेक ठिकाणी त्या वर्गाचे क्रेडिट पदवीत धरत नाहीत म्हणून तो राग अगदीच अनाठायी नसतो.

तोंडी परीक्षेचा इतिहास वेगळा आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेत पदवीच्या वर्गांना शिकवणारे कित्येक साहाय्यक परदेशी होते. त्यांचे बोलणे समजत नाही, अशा तक्रारी पालकांकडून आणि विद्यार्थ्यांकडून येऊ लागल्या. अनेक राज्यांनी त्यावर कायदेच केले. तेव्हापासून बऱ्याच ठिकाणी टीचिंग असिस्टंटशिप घेणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला फळ्यासमोर उभे राहून एखादी संकल्पना समजावून सांगावी लागते. शिकवण्याच्या पगारावर सगळा हिशोब बसवून गेलेल्या मुलाला हीच परीक्षा सर्वांत महागात पडू शकते.

पुण्यात हाच प्रश्न उलट बाजूने आला. फर्ग्युसन कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे शां. ब. मुजुमदार यांनी परदेशी विद्यार्थ्यांचे एकटेपण वसतिगृहात जवळून पाहिले आणि १९७१ मध्ये सिंबायोसिसची स्थापना केली. पुढच्याच वर्षी संस्थेने इंग्रजी शिकवणारी शाखा काढली, ती एल्टिस. इराणमधून, आखातातून, आफ्रिकेतून येणाऱ्या कित्येकांचे शिक्षण फारसी, अरबी किंवा फ्रेंचमध्ये झालेले असे. त्यांना पुणेरी प्राध्यापकाचे इंग्रजी व्याख्यान कळायचे, तर आधी इंग्रजीचीच पायरी हवी होती. पुणे विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय केंद्रातही विदेशी विद्यार्थ्यांची इंग्रजी चाचणी आणि कमी पडणाऱ्यांसाठी वेगळा अभ्यासक्रम आला. भारत सरकारच्या आयसीसीआर शिष्यवृत्तीच्या अर्जात पाचशे शब्दांचा इंग्रजी निबंध मागतात. आनंदीबाईंच्या पत्राशी त्याचे नाते टोफेलपेक्षा जवळचे आहे.

२०२० मध्ये महासाथीने परीक्षा केंद्रे बंद केली आणि टोफेल घरी आली. जे. पी. नगरातल्या एखाद्या फ्लॅटमध्ये ती अशी होते: खोलीचे दार लावलेले, टेबल मोकळे, कानात हेडफोन नाही. कॅमेरा चारी बाजूंना फिरवून खोली दाखवायची. टिपणे काढायची ती छोट्या व्हाइटबोर्डवर किंवा पारदर्शक प्लास्टिकखाली घातलेल्या कागदावर, आणि शेवटी ती पुसल्याचे कॅमेऱ्यासमोर दाखवायचे. दूर बसलेला पर्यवेक्षक सगळे पाहत असतो. डुओलिंगोची घरबसल्या देता येणारी, स्वस्त परीक्षाही याच काळात अनेक विद्यापीठांनी मान्य केली. घरी दिलेल्या परीक्षेवर सर्वांचा सारखा विश्वास बसलेला नाही. म्हणून काही विद्यापीठे विद्यार्थी आल्यावर त्याला पुन्हा निबंध लिहायला बसवतात, तर काहींनी प्लेसमेंटची परीक्षाही ऑनलाइन करून टाकली आहे. ती विमानात बसण्याआधीच द्यायची आणि आपला वर्ग कोणता हे इथूनच कळून घ्यायचे.